बारवेला हात कमी पडले

एका गावात एक आळी होती आणि त्या आळीला आपल्या नियमाचा फार तोरा होता. घरावर दुसरा मजला चढवायचा नाही, घरात दुसरी चूल पेटवायची नाही, असा तो नियम. घर थोरल्याचे. धाकट्याने लग्न झाले की ओढ्यापलीकडच्या माळावर झोपडी बांधायची. आळी शांत होती, ऐसपैस होती आणि दरवर्षी म्हातारी होत चालली होती.

द्वारका अशाच एका धाकट्याची बायको, गवंड्याची लेक. आळीच्या बारवेवर माळावरच्यांचा हक्क नव्हता. चैत्रात ओढा आटला की ती तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून वाळूत खड्डा उकरी आणि वाटीवाटीने घागर भरी.

एके दिवशी ती आळीच्या सभेत उभी राहिली. "सासऱ्यांच्या घराच्या भिंती माझ्या बापानं बांधल्यात. दोन हात जाड आहेत. वर मजला सहज पेलतील. तुमच्या सगळ्यांच्याच पेलतील. माळावरच्यांना परत येऊ द्या."

आळीचे मुख्य नानासाहेब हसले. "मजले चढले की ऊन अडेल. आणि पाणी? बारव आत्ताच तळाला गेलीय. आणखी तोंडं आली तर आम्ही काय ओढ्यातली वाळू चोखायची?"

सभा खो खो हसली.

"ती तर आम्ही रोजच चोखतो, नाना," द्वारका म्हणाली. हसू तिथेच थांबले.

ती तडक बारवेत उतरली. सत्तर पायऱ्या. तळाशी कमरेइतका गाळ साचला होता आणि झरे त्याखाली गुदमरले होते. दरवर्षी आळीतली माणसे पायरीपायरीवर उभी राहून गाळाच्या पाट्या हातोहात वर देत. जो गाळ उपसेल त्याचा पाण्यावर हक्क, म्हणून बाहेरच्या कुणाला हात लावू देत नसत. आता आळीत धडधाकट माणसे उरली होती जेमतेम वीस. तीन वर्षे त्यांची साखळी तळापर्यंत पोचलीच नव्हती.

"पाणी कमी नाही," वर येऊन द्वारकेने सांगितले. "हात कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी नानासाहेब स्वतः माळावर आले. "पोरी, तुझ्या एकटीच्या सासरघरावर मजला चढवायला परवानगी देतो. आजपासून बारवेचं पाणी भर. फक्त बाकीच्यांचं नाव काढू नकोस."

द्वारकेने मुलीकडे पाहिले. पोरीचे ओठ सुकले होते. द्वारकेने घागर उचलली. मग पलीकडे वाळू उपसणाऱ्या बायका तिला दिसल्या आणि तिने घागर खाली ठेवली.

"एका घरानं साखळी पुरी होत नाही, नाना. आणि मी मजल्यावर बसून पाणी पिऊ, नि या सगळ्या खाली वाळू उकरतील? मला नाही जमायचं."

वैशाखात आळीच्या घागरींत चिखल येऊ लागला. सभा पुन्हा भरली. नानासाहेब ऊन, वारा, शांतता यांवर बोलतच होते. तेवढ्यात आळीतली सर्वांत म्हातारी सर्जाबाई काठी टेकीत उठली. "नाना, तुमचं ऊन तुम्ही धुऊन प्या. मला माझी पोरं परत पाहिजेत."

तिने हात वर केला. शेजारणीने केला. बघता बघता सगळी सभा हात वर करून उभी राहिली. शेवटी नानासाहेबांनीही केला.

सकाळी माळ आळीत आला. सासू-सुना, थोरले-धाकटे, सत्तर पायऱ्यांवर एकेक माणूस उभा राहिला. सर्वांत वरच्या पायरीवर नानासाहेब धोतर खोचून पाट्या रिकाम्या करीत होते. तळाशी कुदळ घेऊन द्वारका. पहिल्या दिवशी गाळ, दुसऱ्या दिवशीही गाळच. तिसऱ्या दिवशी तिची कुदळ खडकावर खणकन वाजली आणि तिच्या पावलांना गार धार लागली.

"पाणी!" ती ओरडली.

"पाणी!" वरची पायरी म्हणाली, मग तिच्या वरची, आणि पाटीसारखा हातोहात तो शब्द सत्तर पायऱ्या चढून उन्हात आला.

तात्पर्य: जी वस्ती माणसांना जागा देते, तिला राबणारे हात मिळतात, जागा नाकारणारी वस्ती आपलेच पाणी आटवते.