हारांखालची भेग

मुख्यमंत्री बदलत, सरकारच्या भूकंप-सल्लागार डॉ. सुनीती केळुसकर मात्र टिकून राहत. कारण जमीन कुठल्याच पक्षात नव्हती. हणमंतराव निंबाळे मुख्यमंत्री झाले, तेव्हा धरणात बुडणारं आंबेखोल गाव हलवायचं होतं. त्यांनी निवडलेल्या डोंगरउतारावर सुनीतीबाईंनी फुली मारली. खाली खडकाला मोठी भेग होती.

हणमंतराव तापले. "बाई, पायाभरणीचा मांडव घातलाय! आमच्या आज्यापासून तिथं खडा हलला नाही. जमीन स्थिर आहे असं लिहा, नाहीतर दुसरा कुणी लिहील."

बाईंच्या डोळ्यांपुढे आंबेखोलची पोरंबाळं आली. त्यांनी विचारलं, "साहेब, मागचं सरकार पडलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी कसं होतं?"

"एकदम शांत! मीच तर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना हार घातला."

"आणि खाली?"

हणमंतराव मिशीत हसले. "खाली आमची माणसं वर्षभर सरकत होती."

"भेगेचंही तसंच असतं. वरचे हार बघून खालचं कळत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

शेजारी उभे असलेले सचिव छताकडे बघू लागले. हणमंतराव मात्र पोट धरून हसले आणि त्यांनी गाव पलीकडच्या पठारावर वसवलं.

पुढे भूकंप झालाच. मोकळा उतार धाडकन घसरला. पठारावर थोडी कौलं फुटली, माणसं सगळी शाबूत. त्याच आठवड्यात हणमंतरावांचं सरकारही पडलं, तरी त्यांनी पहिला फोन बाईंना केला.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत, बाई. गाव वाचलं."

"उपकार तुमचे, साहेब. तुम्ही ऐकलंत. पण खुर्चीचं वाईट वाटलं."

"तिच्याखालची भेग बघायला तुम्हाला बोलवायचंच राहिलं हो!"