येण्याजाण्याची वेळ

ज्येष्ठांच्या समुपदेशन केंद्राचं अनुदान बंद करायचं, हे मनाशी ठरवूनच उपसंचालक धामणस्कर तपासणीला आले. "दहाच मिनिटं आहेत," त्यांनी बजावलं.

केंद्रात रोज येणाऱ्या यमुनाबाईंनी चहा देताना सहज विचारलं, "साहेब, निवृत्ती कधी?"

"मार्चमध्ये," म्हणत साहेब टेकले. झोप लागत नाही, घरी कुणाशी बोलणं होत नाही, सगळं सांगून झालं. मग भेटवहीत त्यांनी ऐटीत शेरा लिहिला : 'इथे नुसत्या गप्पा चालतात. अनुदान अनावश्यक.'

"येण्याजाण्याची वेळही लिहा ना," यमुनाबाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकराला आले होते; दीड वाजला होता.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, "एप्रिलमध्ये केंद्र कुठल्या वारी उघडं असेल?"

"हा शेरा राहिला, तर कुठल्याच नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.