नाल्यावरचा पालक

शहर नुकतंच मळ्याला येऊन भिडलं होतं, तेव्हाची गोष्ट. हौसाबाईंच्या मळ्यात मेथीला विहिरीचं पाणी मिळे आणि पालकाला कारखान्यांमागून येणाऱ्या नाल्याचं. पालकाची पानं तळहाताएवढी झाली, तशी मेथी आतल्या आत जळू लागली.

"बाजारात सगळे तुलाच उचलतात. मी मेली बोटभरच राहिले!"

"त्याला नशीब लागतं गं," पालक डोलत म्हणाला.

दुपारी पालकाच्या जुड्या टेम्पोत चढल्या. सुनेनं विचारलं, "आत्याबाई, घरच्या भाजीला यातलीच जुडी ठेवू? चांगला पोसलाय."

हौसाबाई कडाडल्या, "खबरदार! नाल्यावरचं पोरांच्या ताटात नको. मेथी खुड."

मेथीची जळजळ तिथंच थांबली. टेम्पोतून पालकाचा बारीक आवाज आला, "मग मला कुणाच्या पोरांसाठी नेताय?"