भुरी पाकोळीचा शेवगा

भुरी पाकोळी इवलीशी, फुलपाखरासारखी. पंख राखाडी. मिशा बारीक.

भुरी शेवग्याच्या झाडावर जन्मली. पांढरी फुलं गळायची, टप टप टप. वारा यायचा, झुळ झुळ झुळ. किती छान होतं ते! मग तिथे रस्ता झाला. शेवगा गेला.

मग भुरी कुंदाआत्याच्या घरी राहू लागली. आत्याकडे त्याच शेवग्याचा फोटो होता. भिंतीवरच्या फ्रेममध्ये तो दिसायचा. फ्रेम विजेवर चालायची. आत्यानंच ती घरी जोडली होती. रोज संध्याकाळी फ्रेम उजळायची. भुरी समोर बसायची आणि शेवगा बघत राहायची.

आज काय झालं? फ्रेम झाली भक्क! पांढरीफटक! आणि विझलीच.

शेवगा दिसेना. भुरीला रडू आलं.

फ्रेमच्या मागे होती फट. भुरी आत शिरली. भिर भिर भिर! आत बसले होते दिवेदादा.

"दिवेदादा, दिवेदादा, लागा ना! शेवगा दिसेना!"

"मी नाही लागणार. आधी चित्रताई येऊ दे."

भिर भिर भिर! भुरी गेली चित्रताईकडे.

"चित्रताई, चित्रताई, ये ना! दिवा लागेना, शेवगा दिसेना!"

"मी नाही येणार. आधी वीजबाई वाहू दे."

भिर भिर भिर! भुरी गेली वीजबाईकडे.

"वीजबाई, वीजबाई, वाहा ना! चित्र येईना, दिवा लागेना, शेवगा दिसेना!"

"मी नाही वाहणार. आधी ड्रायव्हरकाकांची हाक येऊ दे."

भिर भिर भिर! भुरी गेली ड्रायव्हरकाकांकडे. काका गाडी नाही, फ्रेम चालवायचे. फ्रेममध्ये कोणी कधी उठायचं, कोणी कधी निजायचं, ते काकाच सांगायचे.

"काका, काका, हाक मारा ना! वीज वाहेना, चित्र येईना, दिवा लागेना, शेवगा दिसेना!"

"मी नाही मारणार. सकाळी आत्या म्हणाली, सगळ्यांना एकदम उठवा, मला घाई आहे! मी एकदम उठवलं. दिवा पुढे, चित्र मागे, आणि भक्क! आता आधी आत्या नीट सांगू दे."

भिर भिर भिर! भुरी गेली स्वयंपाकघरात. आत्या शेवग्याच्या शेंगांची आमटी करत होती.

"आत्या, आत्या, सांग ना! हाक येईना, वीज वाहेना, चित्र येईना, दिवा लागेना, शेवगा दिसेना!"

"मी नाही सांगणार. काय सांगू, डोंबल? चुकलंय कुठे तेच कळेना. आधी आमटी तर होऊ दे!"

आता कुणाकडे जायचं? भुरी ओट्याच्या कोपऱ्यात बसली. मुसमुस मुसमुस.

आत्यानं पातेल्यात तेल घातलं. थांबली. तेल तापलं. मग मोहरी घातली. थांबली. तड तड तड! मग कढीपत्ता. चर्रर्र!

भुरीनं डोळे पुसले.

"आत्या, तू सगळं एकदम नाही टाकत?"

"एकदम? वेडी की काय! तेल तापायच्या आधी मोहरी टाकली, तर ती तडतडेल का? थांबायला नको का..."

बोलता बोलता आत्याच थांबली. तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! फ्रेमला मी थांबूच दिलं नाही!"

आत्यानं गॅस बारीक केला. धावत फ्रेमकडे गेली. टक टक टक, बटणं दाबली.

"काका, एकेकाला उठवा. मधे थोडं थांबा."

मग काय!

आत्यानं सांगितलं, काकांनी हाक मारली.
काकांनी हाक मारली, वीज वाहिली.
थांबा, थांबा...
वीज वाहिली, चित्र आलं.
थांबा, थांबा...
चित्र आलं, दिवा लागला.
दिवा लागला, शेवगा दिसला!

"ती मोडकी फांदी बघ," आत्या म्हणाली. "लहानपणी मी तिला लोंबकळले नि कडकन मोडली. आई काय रागावली होती!"

"मी तिथेच जन्मले!" भुरी म्हणाली.

दोघी बघत बसल्या. दोघींना झाडाची फार फार आठवण आली.

मग झाली निजायची वेळ.

"निजताना उलटं हं," काका म्हणाले. "जो शेवटी उठला, तो आधी निजेल."

आधी दिवा मालवला. थांबा, थांबा... मग चित्र गेलं. थांबा, थांबा... मग वीज निजली.

भुरी मात्र जागी होती. ती हळूच काचेवर गेली. मोडकी फांदी जिथे होती, बरोबर तिथे बसली. पंख मिटले.

आणि शेवग्यावर झोपली.