चुन्याआडची जोडपी

एका राज्यात, जिथं साळुंक्या माणसांसारख्या बोलत आणि माणसं बोलायला कंटाळत, अरिंजय नावाचा राजा होता. त्याच्या पूर्वजांच्या देवळाला बाहेरून दगडी जोडपी कोरलेली होती. कुणी मिठीत, कुणी चुंबनात, कुणी उघड रतिसुखात. रीत अशी, की आधी प्रदक्षिणा घालावी, मनातली वासना त्या जोडप्यांपाशी ठेवावी, आणि मोकळ्या मनानं गाभाऱ्यात शिरावं.

एकदा एक जादूगार आला नि हसला. "देवाच्या दारी हे चाळे?" राजा शरमला. त्यानं अख्ख्या भिंतीला चुना फासला. आली लाज, गेली अक्कल! चुना वाळला, तशी राणी पद्मलेखा बसल्या जागी दगड झाली. राज्यात पाळणा हलेनासा झाला.

कळसावरची साळुंकी म्हणाली, "राजा, तीन कामं. नागतळ्याचं पाणी आण. राक्षसाच्या उशाखालची छिन्नी आण. मग स्वतःच्या हातानं एकेक जोडपं मोकळं कर. राणी उठेल."

राजानं पाणी आणलं. नाग डसला, डावा हात काळा पडला. छिन्नी आणली, राक्षसानं बदल्यात तारुण्य ठेवून घेतलं. पांढऱ्या केसांचा राजा भिंतीशी बसला. पाणी शिंपडावं, चुना खरवडावा, पुन्हा शिंपडावं. हाडं बोलू लागली. भिंत उघडी झाली, राणी मात्र दगडच.

"एक राहिलं," साळुंकी म्हणाली.

"गाभाऱ्यालगतचं? वरचा चुना काढून पाहिलं मी. म्हातारा-म्हातारी नुसती टेकून बसलीत. त्यात कसली रती?"

"मग शिल्पकारानं त्यांनाच देवाच्या सर्वांत जवळ का बसवलं?"

राजानं छिन्नी उचलली आणि उरलेला चुना काढला. म्हाताऱ्याचं डोकं म्हातारीच्या खांद्यावर होतं. ते पाहून राजाला रडूच कोसळलं. असं टेकायला आपल्यालाही कुणी होतं, हे तो विसरला होता. तो महालात गेला, दगडी राणीशेजारी बसला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

खांदा ऊन लागला.

"दमलात, महाराज?"

"फार दमलो."

"मग बसा असेच."

त्या वर्षी घरोघर पाळणे हलले. भिंतीला पुन्हा चुना लागला नाही. राजाचं तारुण्य राक्षसाकडेच राहिलं. मागायला तो गेला नाही. कहाणी चालून दमली, तीही इथंच टेकली.