यानातला वैद्य

माणसं नुकतीच चंद्राकडे यानं धाडू लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका यानात इंधनाची चिमुकली झडप होती आणि बिघाड शोधणारा यंत्रवैद्य होता.

चंद्र जवळ आला तसा दाबमापक ओरडला, "वैद्यबुवा, दाब उतरतोय! झडप गळतेय, कायमची बंद करा तिला!"

झडप कळवळून म्हणाली, "मी गळत नाही हो. मी मिटले तर इंजिन पेटणार कसं? यान भरकटेल."

वैद्याने टाकीला विचारलं, "माई, इंधन घटलं का?"

"थेंबभरही नाही."

मग त्याने दाबमापकाला हात लावला. तो बर्फासारखा गार होता. "अरे, तूच काकडलायस, म्हणून तुझा काटा खाली आलाय!" वैद्याने शेजारचा हीटर लावला. काटा हळूहळू जागेवर आला.

"मला काढून टाकाल?" दाबमापक पुटपुटला.

"छे रे! शंका आली की असाच ओरडत जा. तपासायला मी आहे ना."

झडप निर्धास्त उघडली, इंजिन पेटलं आणि यान चंद्राभोवती वळलं.