हौसाच्या डोक्यातला पाट

हौसाला आईबाप नव्हते. तीन वर्षं ती रंभाकाकूकडे राहिली. काकू रोज सकाळी तिला अंगणात उभी करायची आणि विचारायची, "गावात माझ्यासारखी कोण आहे?"

"कोणीच नाही, काकू," असं लगेच म्हणावं लागे. उशीर झाला की जेवण बंद. दूध नासलं तरी चूक हौसाचीच.

आता ती कासूमावशीच्या फुलबागेत राहत होती. मावशी गरीब, पण मायाळू. तरी कोणी मोठ्याने बोललं की हौसा थरथरे आणि तिची वाचा बसे. शुक्रवारी काकू तिला परत न्यायला येणार होती. पाटील म्हणाले होते, "पोर स्वतःच्या तोंडाने सांगेल तिथे राहील."

सोमवारी हौसाने बांधावरच्या सुकलेल्या जुईला ओंजळभर पाणी घातलं. एक कळी उमलली. आत बोटाएवढी परी! पंख मोरपिशी, डोळे दवासारखे.

"एक वर माग," परी म्हणाली. "पण दुसऱ्याला बदलायचं नाही. झालेलं पुसायचं नाही."

"मग काकू चांगली नाही होणार?"

परीने एक दवबिंदू उचलला. त्यात काकूच्या डोक्यातली बाग दिसली. सगळं पाणी एकाच झाडाला जात होतं. ते झाड ओरडत होतं, "मी! मी!" दुसऱ्याचं दुःख जिथे उगवतं, तो चिमुकला वाफा कोरडा होता.

"तिथे पाट खोदणं तिचं काम. तुझं नाही. आणि तो वाफा तू सुकवलेला नाहीस."

हौसाने दवबिंदूत पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मला बोलता येऊ दे."

"दिलं. पण रोज राबावं लागेल. तुझ्या डोक्यात भीतीचा पाट खोल गेलाय. दुसरा खण."

हौसा दोन दिवस घोकत राहिली, "मी भीत नाही, मी भीत नाही." तरी थरथर गेली नाही.

परी हसली. "फुलबागेत राहतेस ना तू? नवा पाट फोडलास, पण जुन्याचं तोंड बुजवलंस का?"

हौसा ओशाळली. त्या दिवसापासून भीती आली की ती आधी थांबे. पाय मातीत रोवी. लांब श्वास सोडी. मगच बोले. मावशी शेजारी बसून ऐके.

शुक्रवारी काकू जरीच्या लुगड्यात आली. सोबत पाटील होते, आणि त्यांच्या पागोट्यावर परी हळूच येऊन बसली. "बोल गं! माझ्याएवढी माया कोणी केली तुला?"

हौसा आधी थांबली. तिने पाय रोवले. श्वास सोडला.

"मी मावशीकडे राहणार. माझी चूक नव्हती."

"ऐकलंत? उलट बोलते!"

"ऐकलं," पाटील म्हणाले. "पोर इथेच राहील. तुम्ही निघा."

पाटलांच्या पागोट्यावर सोनेरी उजेड फुटला. सगळ्यांचे डोळे दिपले. ते उघडले तेव्हा परी नव्हती. हौसा होती, ताठ उभी.